पाटीवर द्राक्ष, बाटलीत ऊस

लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत कुठेही हिंडा, ‘वाईन शॉप’ अशी पाटी दिसल्याशिवाय राहत नाही. काही पाट्यांवर द्राक्षांचा घडही रंगवलेला असतो. जाळीपलीकडच्या पोऱ्याकडे गिऱ्हाईक मागते मात्र क्वार्टर, खंबा नाहीतर थंडगार बिअर. खरी वाइन मागणारा विरळा. तिच्या चार-सहा बाटल्या कोपऱ्यातल्या फळीवर ट्यूबलाइटच्या उजेडात उभ्या असतात, आणि मराठवाड्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तिथेच तापत राहतात. व्हिस्की हे सोसते. वाइन सोसत नाही, तिची चव शिजल्यासारखी होते. मग कोणी हौसेने ती बाटली घरी नेतो आणि एका घोटात ठरवून टाकतो की वाइन म्हणजे आंबट, उतरलेले काहीतरी.

सरकारदरबारी या दुकानाच्या परवान्याचे नाव एफएल-२, म्हणजे विदेशी मद्याची किरकोळ विक्री. त्यातला ‘विदेशी’ हा शब्दही तसाच, कारण आतला बहुतेक माल ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ या तिरपागड्या नावाने देशातच तयार होतो. रम तर उसाच्या मळीचीच. स्वस्तातल्या व्हिस्कीतही बऱ्याचदा मळीपासून किंवा धान्यापासून गाळलेला मद्यार्क असतो, आणि मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणायला युरोपातला कायदा तयार नाही. मांजरा खोऱ्यातल्या साखर कारखानदारीच्या प्रदेशात हे बोलायला थोडे अवघड, पण पाटीवरच्या द्राक्षाच्या घडामागे बहुतांशी उभा आहे तो ऊस.

वाइनचे खरे नातेवाईक शोधायचे तर नांदेड जिल्ह्यात ते दुकानात सापडत नाहीत, तेलंगणाच्या सीमेवर शिंदीच्या झाडाखाली सापडतात. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढू लागले की आपोआप फसफसते, दुपारपर्यंत तिची शिंदी होते. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव साखर खातो, अल्कोहोल आणि वायू सोडतो. वाइनमध्येही नेमके हेच घडते, फक्त शिंदी चार-पाच टक्क्यांवर राहते आणि वाइन बारा-तेरावर जाते. भट्टी नाही, वाफ नाही, गाळणे नाही. उलट किनवट-माहूरकडची मोहाची दारू फुले आंबवून मग भट्टीवर गाळलेली, म्हणजे कुळाने ती व्हिस्कीच्या बाजूची. गावात मोह आणि शिंदी एकाच दमात ‘गावठी’ म्हणून मोजतात, पण पाकक्रियेच्या हिशेबाने त्यांच्यात तितकेच अंतर आहे जितके दही आणि तुपात.

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्राने पोटभर ऐकले. त्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वेगळ्या कपाटातून वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांचे भले होईल असे सरकारची बाजू सांगत होती, विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ अशी घोषणा काढली आणि अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय शेवटी कागदावरच राहिला. वादात दोन्हीकडून भावना भरपूर होत्या, साधा गुणाकार कोणी केला नाही. बारा टक्क्यांच्या वाइनचा एक दीडशे मिलिलिटरचा ग्लास घेतला, तर त्यात शुद्ध अल्कोहोल १८ मिलिलिटर. व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग ४२.८ टक्क्यांचा, त्यात जेमतेम १३. म्हणजे ‘मी फक्त एक ग्लास वाइन घेतली’ म्हणणाऱ्याच्या पोटात ‘मी फक्त एक पेग’वाल्यापेक्षा जास्त मद्य गेलेले असते.

तांबडी वाइन हृदयाला चांगली, हाही असाच रुजलेला समज. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने फ्रेंच लोक चरबी खाऊनही धडधाकट कसे, याचे श्रेय रेड वाइनला दिले आणि तिथला खप भराभर वाढला. त्यामागच्या अभ्यासांवर नंतर पुष्कळ आक्षेप आले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकले की अल्कोहोलचे निर्धोक म्हणावे असे कोणतेच प्रमाण नाही. द्राक्षाच्या सालीतला जो गुणकारी घटक सांगतात तो साल चावून खाल्ली तरी मिळतो.

आता दुकान सोडून हातगाड्यांकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लातूर-नांदेडच्या बाजारात द्राक्षे उतरतात आणि गाडीवाला ओरडतो ती सगळी ‘नाशिक’. त्यातली बरीच सोलापूर-सांगलीची, काही तर औसा तालुक्यातली, किल्लारीच्या बाजूची असू शकतात. गाडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, नाशिक हे नाव आता गावाचे राहिलेच नाही, ते दर्जाचे झाले आहे. खरी गंमत जातींच्या नावांत आहे. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश आणि थॉमसन या चार वेगळ्या जाती समजून गिऱ्हाईक भाव करते. प्रत्यक्षात पहिल्या तिन्ही थॉमसनमधूनच निघालेल्या आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांना बागेत वेगळे, लांबट मणी दिसले, त्यांनी ती काडी वेगळी वाढवली आणि सोनाका आली. तास-ए-गणेशच्या नावात सांगलीचे तासगाव दडले आहे. प्रयोगशाळेत कोणी काही जोडले नाही. शेतकऱ्याची नजर आणि एक काडी, एवढ्यावर महाराष्ट्राची निर्यात उभी राहिली. द्राक्ष बियांपासून लावत नाहीत, काडीपासून लावतात, त्यामुळे प्रत्येक वेल आधीच्या वेलीची हुबेहूब प्रत असते. जगातल्या सगळ्या थॉमसन वेली म्हणजे एकाच वेलीचा शेकडो वर्षे लांबत गेलेला हात.

आणि हा थॉमसन कोण? विल्यम थॉमसन हा कॅलिफोर्नियातला बागाईतदार. १८७२ च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कच्या एका रोपवाटिकेतून ‘लेडी डी कव्हर्ली’ नावाच्या काड्या मागवल्या, त्यातली एक तगली आणि फळली. शोध त्याने लावला नव्हता. तुर्कस्तानात हेच द्राक्ष सुलताना म्हणून आणि इराणकडे किशमिश म्हणून कित्येक पिढ्या खाल्ले जात होते. नशिबाने नाव त्याचे लागले.

बिनबियांची द्राक्षे म्हणजे इंजेक्शनची कमाल, ही तर घरोघरची खात्री. तिचे उत्तर मराठी भाषेतच पडून आहे. ‘बेदाणा’ हा शब्द फारसीतला: बे-दाना, बी नसलेला. संजीवकांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून आपण बी नसलेले वाळवलेले द्राक्ष खातो आणि तसे म्हणतोही. थॉमसनच्या मण्यात बी धरायला सुरुवात होते, पण ते अर्ध्यावर गळून जाते. मणी नीट चावला तर मऊसर खूण जिभेला लागते. शेतकरी ‘जीए’ म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवतात हे खरे, पण ते बी घालवण्यासाठी नसते, मणी फुगवण्यासाठी आणि घड मोकळा करण्यासाठी असते. तसेच मण्यावरची पांढुरकी झाक. अनेक गृहिणी ‘औषध’ म्हणून ती खसाखसा धुतात. ती वेलीने स्वतःच चढवलेली मेणाची साय आहे आणि ती शाबूत असणे हे ताजेपणाचे लक्षण. भीती बाळगायची तर भुरीची, जो बुरशीचा रोग आहे, पण भुरीचा माल सहसा गाडीपर्यंत पोचतच नाही. फवारणीचे अंश मात्र मेणावर राहू शकतात, म्हणून धुवायचे ते धुवावेच, फक्त कारण बरोबर असू द्यावे.

बेदाण्यावरून आठवले, वाइन पिऊन डोके दुखले की लोक बोट दाखवतात सल्फाइटकडे. वाइन टिकावी म्हणून गंधकाचे हे संयुग थोडे घालतातच. पण सोनेरी-पिवळ्या बेदाण्याला तो रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी दिलेली असते आणि वजनाला वजन धरले तर बेदाण्यात सल्फाइट वाइनपेक्षा जास्त निघते. दिवाळीच्या चिवड्यातला मूठभर पिवळा बेदाणा खाऊन ज्याचे डोके दुखत नाही, त्याने दुसरे कारण शोधावे. ते बहुधा ग्लासांच्या संख्येत सापडेल. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइट खरोखर बाधते.

गोड, टपोऱ्या द्राक्षांची वाइन चांगली होत असेल, असे कोणालाही वाटावे. गोष्ट उलटी आहे. वाइनचे द्राक्ष वाटाण्याएवढे, जाड सालीचे, बियांनी भरलेले असते. गाडीवर ठेवले तर कोणी हात लावणार नाही. तरीही खाण्याच्या द्राक्षापेक्षा ते अधिक गोड! खायची द्राक्षे साखरेच्या सोळा-अठरा अंशांवर तोडतात, वाइनची बावीस ते पंचवीसवर. त्या गोडीबरोबर भरपूर आम्लही असते म्हणून जिभेला ती नुसती गोड लागत नाही. मणी छोटा असला की रसाच्या मानाने साल जास्त, आणि वाइनचा सुगंध, तुरटपणा, रंग हे सारे वैभव सालीत. थॉमसनचा मणी म्हणजे पातळ सालीतली पाण्याची पिशवी. त्याची वाइन होतच नाही असे नाही, कॅलिफोर्नियात स्वस्त पांढऱ्या वाइनमध्ये तो वर्षानुवर्षे खपला, पण त्या वाइनची आठवण कोणी काढत नाही. म्हणूनच ‘वाइन वाढली की द्राक्ष शेतकऱ्याचे भले’ हे २०२२ चे समीकरण लंगडे होते. भाव पडलेला थॉमसन उचलून वायनरीत टाकता येत नाही, त्यासाठी शेनिन ब्लांक किंवा शिराझ अशा वाइनच्या जातींची निराळी बाग लावावी लागते. जगातली जवळपास निम्मी द्राक्षे वाइनला जातात. आपल्याकडे शंभरात दोन-तीनसुद्धा नाहीत.

रंगाचाही असाच घोळ. काळ्या द्राक्षाचा रस काळा किंवा तांबडा नसतो. ‘शरद’ या काळ्या जातीचा मणी सोलून पाहा, आत हिरवट-पांढरा गर. तांबडी वाइन तांबडी होते ती रस सालीसकट आंबवल्यामुळे. साल लगेच बाजूला काढली तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होते, फ्रान्समधल्या शॅम्पेनमध्ये ते नेहमी करतात. या नियमाला अपवाद आहेत, त्यातला एक पुण्याचा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून ‘मांजरी मेडिका’ काढली. तिचा गरही जांभळा, हात लावला तरी बोटे रंगतात. ती आहे रसासाठी.

‘शिराझ’ हे नाव वाचले की मन इराणला जाते. शिराझ शहर, तिथले कवी, तिथून धर्मयुद्धातल्या एखाद्या सरदाराने फ्रान्सला नेलेली वेल, अशी कहाणी वाइनच्या माहितीपत्रकांत अजून छापली जाते. १९९८ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि कहाणी कोसळली. फ्रेंच लोक जिला सिरा म्हणतात ती ही जात दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश या दोन अप्रसिद्ध फ्रेंच द्राक्षांची लेक निघाली, जन्म आग्नेय फ्रान्समधला. त्याच्या आदल्याच वर्षी काबर्ने सोव्हिन्यों या जगप्रसिद्ध काळ्या द्राक्षाचे आईबाप कळले होते: एक काळे काबर्ने फ्रां, दुसरे चक्क पांढरे सोव्हिन्यों ब्लांक. नाव समोरच होते, दोन्ही आईबापांची अर्धी-अर्धी नावे जोडलेले. तीनशे वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही.

कुठले नाव जातीचे आणि कुठले गावाचे, हे न कळल्यामुळे वाइनची यादी परकी वाटते. शिराझ, शेनिन ही जातींची नावे. शॅम्पेन, बोर्दो ही गावाशिवाराची. लातूरकरांना हे समजावायला फ्रान्सला जायची गरज नाही. २०२४ मध्ये जिल्ह्यातल्या तीन वाणांना भौगोलिक मानांकन मिळाले: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. उद्या अकोल्यात पिकवून कोणी ‘बोरसुरी डाळ’ म्हणून विकली तर जो आक्षेप निलंगा तालुक्याचा असेल, तोच शॅम्पेनवाल्यांचा असतो. फसफसणारी प्रत्येक वाइन शॅम्पेन नव्हे. नारायणगावच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या हट्टापायी फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन काढली, तीही परदेशात ‘ओमर खय्याम’ नावाने गेली.

जुनी तेवढी चांगली, हे म्हणणे लोणच्याला आणि काही मोजक्या महागड्या वाइनना लागू. बाकी बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात. फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल, हाही गैरसमज. ते ताज्या वाइनला बुचापेक्षा बरे, आणि बुच कोरडे पडू नये म्हणून बाटली आडवी ठेवायचीही गरज उरत नाही. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला चिकट पदार्थ वापरतात. गाळून तो निघून जातो, पण विचारून घेतलेले बरे.

हे सगळे मराठवाड्याला नवे आहे, वाइन ही नाशिकच्या श्रीमंतांची टूम, असा एक शेवटचा समज उरतो. त्यासाठी लातूरहून पश्चिमेला, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावे. गोरोबाकाकांचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाश्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची नोंदवही लिहून ठेवली आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर, असे तो सांगतो. तिथून गाड्या भरभरून कापड भडोचला येई. आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने वाइन लिहिली आहे: इटलीची पसंतीची, शिवाय सिरियातल्या लाओडिसियाची आणि अरबस्तानची. राजासाठी मात्र वेगळी, उंची. डेक्कन कॉलेजने १९५० च्या दशकात नेवाशाला केलेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक मूर्ती आहे, तिच्यासारखीच दुसरी थेट इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडली. तेरच्या कापडाच्या बदल्यात दख्खनेत काय काय आले, त्यात इटलीचे द्राक्ष होते, ते कुंभात भरून.

वेल इकडच्या मातीत रुजल्याचा डोळ्यांदेखतचा दाखला चौदाव्या शतकातला. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, आणि दख्खनेतल्या द्राक्षबागांचे श्रेय परंपरा त्यालाच देते. तिथे आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले की या गावी द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. उत्तर आफ्रिकेतल्या माणसाला हे अद्भुत वाटणे साहजिक होते. थंड मुलखात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, एकदाच उठते, एकदाच फळते. दख्खनेत ती झोपतच नाही. पुढे निजामाच्या राज्यात, ज्यात नांदेड आणि लातूर दोन्ही होती, हैदराबादेत अनाब-ए-शाही हे टपोरे, बियांचे द्राक्ष नावारूपाला आले. अरबीत इनब म्हणजे द्राक्ष. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘अनाबशाही’ अजून येते.

न झोपणाऱ्या वेलीला शिस्त लावायची तर कात्री हवी. म्हणून महाराष्ट्रात एकाच पिकासाठी दोन छाटण्या होतात. एप्रिलात खरड छाटणी, जी फक्त काडी तयार करते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, जिच्यावर घड येतो. फ्रान्सच्या वेलीला हे काम थंडी फुकटात करून देते. आपल्याकडे गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना रसायनाचा लेपही द्यावा लागतो. द्राक्षाला दमट हवामान चालत नाही: परतीचा पाऊस फुलोऱ्यात सापडला की केवडा रोग, तयार मण्यांवर अवकाळी बरसला की तडे. लातूर बालाघाटच्या पठारावर, नाशिकसारखेच साधारण सहाशे मीटर उंचीवर. नांदेड गोदाकाठी, साडेतीनशेच्या घरात, पाऊसही जास्त. अर्धापूरची जमीन केळीला मानवली आणि औशाची द्राक्षाला, यात नशिबापेक्षा नकाशाचा हात मोठा आहे.

उरले पाणी. द्राक्ष उसापेक्षा कितीतरी कमी पाणी पिते, पण ठरल्या वेळी पिते. क्षारपड जमीन आणि मचूळ बोअर यांवर उपाय म्हणून इथला शेतकरी थॉमसनचे कलम डॉगरिज या अमेरिकी खुंटावर बांधतो. गमतीची गोष्ट अशी की युरोपने अमेरिकी खुंट घेतला तो १८६० नंतर मुळे खाणाऱ्या फिलोक्झेरा किडीच्या धास्तीने. आपण घेतला तो क्षार आणि दुष्काळ सोसण्यासाठी. खुंट कितीही चिवट असला तरी कोरड्या नळीला तो काय करणार? २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पाच लाख लिटर घेऊन पोचली, ती मिरजेहून. म्हणजे त्याच सांगली जिल्ह्यातून, जिथे तासगावच्या शेडमध्ये त्या दिवसांत नुकताच वाळलेला बेदाणा प्रतवारीला लागलेला असतो. औशात तो खरड छाटणीचा महिना होता, छाटलेल्या वेलीला पाणी लागते ते त्याच दिवसांत. गाडीतले सगळे पाणी शहराच्या पिण्यासाठी होते.